तीन युनिट

साहेब म्हणाले, पुढल्या महिन्यापासून
मीटर आपला आकडा आपणच कळवणार.
म्हणून आज शेवटची फेरी.

चेंदणीपासून सुरू केली, सवयीने.
कोळीवाड्यात पेटीवर जाळं वाळत असतं,
ते उचलायचं, आकडा घ्यायचा,
पुन्हा होतं तस्संच पसरायचं.
हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.
गजरीबाय नाखवा ओट्यावरून ओरडते,
"यवरं बिल कनी खाल्लं रं? बोंबलांनी?"
मी म्हणतो, डीप फ्रीजरने.
खाडीत पूर्वीसारखं गावत नाही आता,
जे गावतं ते गोठवून ठेवावं लागतं.
ती हसते. मग हसत नाही.

रविवारी टोप्या घालून लोक येतात, वारसा बघायला.
किल्ला बघतात, म्हणजे तुरुंगाची भिंत बघतात.
आत असलेल्यांना तो आतून दिसतो,
पण त्यांना कोण विचारतो.
तळ्यापाशी चर्चचा फोटो, देवळाच्या कळसाचा फोटो,
मग मामलेदारची तिखट मिसळ, मग डोळ्यांत पाणी.
त्यांच्या म्होरक्याला सगळी सालं पाठ.
मला एकही साल येत नाही.
मला येतं ते असं :
खारकर आळीत कुठल्या जिन्याची चौथी पायरी हलते,
कुणाकडे रात्रभर दिवा जळतो परीक्षेच्या दिवसांत,
कुणाचा एसी अचानक बंद झाला
आणि त्याच महिन्यात दाराबाहेरच्या चपला कमी झाल्या.

टिपणीसकाकूंकडे वही आहे.
माझ्याआधी त्या आकडा बघतात, लिहितात,
मग मला वाचायला लावतात, मास्तरणीसारख्या.
एकोणीस वर्षांत एकदाच फरक पडला,
चूक माझी होती.
आज वही मिटून म्हणाल्या,
"मग आता मी कुणाला तपासायचं?"
मी माझा नंबर लिहून दिला, मागच्या पानावर.
दर बारा तारखेला फोन करणार आहेत.
करतील. काकू आहेत त्या.

शेवटी टेंभी नाक्यामागे, पेणकरांचं घर.
मोझेसकाका होते तेव्हा बजावायचे,
"शनिवारी नको रे येऊस. शनिवारी तुझं मीटरसुद्धा विसावूं दे."
तेल्यांची जात आमची, म्हणायचे,
शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली.
समुद्र फुटला, जहाज फुटलं, कोकणात लागलो,
आणि मराठी इतकी मुरली
की देवाशी भांडतानाही तीच तोंडात येते.
ते गेले. मुलं लोदला गेली.
कुलूप.
पेटीत चकतीचं जुनं मीटर, चकती गप्प.
अकरा वर्षं तोच आकडा लिहितोय, शून्य चार एक आठ सात.
बिल मात्र भरलं जातं, दर महिन्याला, तिकडून.
न वापरलेल्या दिव्याचं.

आणि गेल्या सप्टेंबरात
शून्य चार एक नऊ शून्य.

तीन युनिट.
मी टॉर्च मारून पुन्हा बघितलं. पेटी पुसून पुन्हा.
तीन युनिट म्हणजे एक पंखा दोन रात्री,
एक दिवा उशिरापर्यंत,
आणि बहुतेक इस्त्री, एका साडीपुरती.
काकूंनी नंतर सांगितलं, शोशन्ना आली होती, धाकटी.
नव्याच्या सणाला.
मजल्यावरच्या सगळ्यांना चिकाच्या हलव्याची वाटी दिली,
नारळाच्या दुधातला, आईसारखाच,
फक्त साखर थोडी कमी.
तिकडे सगळे कमी खातात म्हणे.

आज तिथे नवं मीटर बसवायला पोरगा आलाय, मंब्र्याचा, आदिल.
"चाचा, ये तो बंद घर है," म्हणतो.
नवं मीटर शून्यापासून सुरू होतं.
जुनं त्याने गोणीत टाकलं, बाकीच्यांबरोबर.

हातातल्या यंत्रात शेरा भरायचा असतो.
अकरा वर्षं 'कुलूप' दाबत आलो.
आज शोधलं, वर-खाली करून :
चालू, बंद, नादुरुस्त, कुलूप, इतर.
'ये-जा आहे' असा पर्याय नव्हता.
मी 'इतर' दाबलं.