अक्रोडाचा दोरा

सदुसष्ट टक्क्यांवर वीज गेली.
कुटाइसीत, आमच्या गल्लीत, ती जातेच; कुणी तक्रार करत नाही.
पण त्या संध्याकाळी मी तिला "थांब" म्हणाले,
रिकाम्या खोलीत, मोठ्यानं,
सुटलेल्या बसला म्हणावं तसं.

परत आली तेव्हा पंखा फिरला, दिवा लागला.
पडदा काळाच.
रोज सकाळी तो एक बीप द्यायचा
आणि बाबा आतून "हं" म्हणायचे.
वीस वर्षं.

"काय केलंस?"
म्हटलं, बायोस नवा करत होते.
मोठी डिस्क ओळखत नव्हता, म्हणून.
"त्यानं सांगितलं होतं तुला?"
मग अकरा दिवस बाबा माझ्याशी
फक्त मिठाबद्दल बोलले.

त्यात रिओनीची उंची आहे.
सकाळी आठची, संध्याकाळी आठची,
एकतीस वर्षांची, सेंटिमीटरमध्ये.
खात्यानं पुलाखालची मोजपट्टी कधीच सोडून दिली.
बाबांनी नाही.

मुर्मान टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालाय.
त्यानं सेल काढून पाहिला, घालून पाहिला,
मग म्हणाला, डिस्क धडधाकट आहे, अन्झोर,
दुसऱ्या मशीनला लाव, तुझी नदी तिथंही सापडेल.
बाबा म्हणाले, नदी सापडेल.
हा नाही सापडणार.

बाराव्या दिवशी मुर्मान शाळेच्या अडगळीतून
ह्याचा जुळा भाऊ काखेत मारून आला.
काय करायचं ते त्यानं सांगितलं
आणि मला वाटलं, हा सकाळीच प्यालाय.
त्याची चिप ह्यात बसवायची.
उसन्या आठवणीवर ह्याला उठवायचं.
आणि उठल्यावर, अंगात वीज खेळत असताना,
ती उपटून
ह्याची स्वतःची मेलेली चिप तिथं खोचायची,
आणि ह्याच्याच हातून
तिच्यावर सगळं पुन्हा लिहून घ्यायचं.

"कळणार नाही त्याला?"
"आपण कोण, हे उठतानाच लागतं, मुली.
एकदा उठलं की कामं असतात."

चिमट्यानं शॉर्ट झालं असतं. दोरा हवा होता.
अंगणात त्सियाला आत्या अक्रोड ओवत होती,
द्राक्षाच्या रसात बुडवायच्या माळा.
"किती अक्रोडांपुरता?"
"एकाच," मुर्मान म्हणाला.

चिपखालून दोरा घेतला, वर सैल गाठ.
मशीन उठलं, दुसऱ्याच्या नावानं.
मुर्माननं श्वास धरला आणि भाजीतला केस काढावा
तसा तो दोरा वर ओढला.
काही झालं नाही.
पडद्यावरचा कर्सर लुकलुकत राहिला, बेफिकीर.
खाचेकडे खाच धरून मी आमची चिप दाबली.
बोट थरथरत होतं, ते मुर्माननं पाहिलं
आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

तोवर आत्या घरोघर सांगून आली होती:
अर्धा तास इस्त्री नको, हीटर नको.
गल्लीत कुणीतरी विचारलं, कोण आजारी आहे?
आत्या म्हणाली, आहे एक.

चाळीस. पंचावन्न. सहासष्ट.
सदुसष्टला मी डोळे मिटले,
म्हणून अडुसष्ट मी पाहिलेलं नाही.

बंद केलं. चालू केलं.
बीप.
आतून "हं" आलं नाही.
बाबा माझ्या मागंच उभे होते,
कधीपासून, कोण जाणे.

घड्याळ शून्यावर गेलं होतं:
एक जानेवारी दोन हजार दोन, रात्रीचे बारा.
बाबा बराच वेळ त्या तारखेकडे पाहत राहिले.
"तेव्हा दोनशे बारा होतं पाणी," म्हणाले,
"आणि तुझी आई बाहेर मेणबत्ती शोधत होती."
मग मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेऊन
एकेका बोटानं आजची तारीख भरली.

मुर्मान दोरा कापायला निघाला.
बाबा म्हणाले, राहू दे.

एक स्क्रू उरलाय. कुठला, ते कळत नाही.
आणि आत्या अजून म्हणते,
एका अक्रोडाला हातभर दोरा लागतो का कधी.