खंगर

ढोमणेच्या दुकानात दोन पोती उभी होती,
एक तेरा रुपये किलो, एक चोवीस.
स्वस्तातलं काळपट,
पऱ्हाटी, तुराटी, सोयाबीनचं कुटार
सगळं एकाच यंत्रातून दाबून काढलेलं.
महागातलं सागाच्या भुशाचं,
बोटाच्या पेराएवढ्या कांड्या,
लाखेच्या बांगडीची चकाकी.
पेलेट म्हणतात त्याला.
शेवंता ढेप म्हणते.

मी एकतीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर होतो.
कापूस चिमटीत धरून ओल सांगायचो,
गाडीवाल्याच्या तोंडाकडे न पाहता.
सवय जात नाही.
दोन्हीतली मूठ-मूठ मागून आणली,
दोन पेल्यांत पाणी घेऊन सोडली.
स्वस्तातल्याची घटकाभरात पेज झाली.
महागातलं तळाशी बसून राहिलं,
व्याह्याच्या घरी जावई बसतो तसं,
फुगून, पण न मोडता.

मग पाच-पाच किलो जाळून राख तोलली.
महागातल्याची चहाच्या कपात मावली.
स्वस्तातल्याची पाटी भरली,
आणि राखेच्या पोटात हा खंगर,
वितळून, पुन्हा गोठून,
भट्टीत करपलेल्या विटेसारखा.
"राख तोलून खोली गरम होते काय?" शेवंता म्हणाली,
"पोरीले आठवा सरला."

प्रणोती पुसाच्या थंडीत बाळंत झाली.
खोली तीच.
तिथंच माझ्या आईनं बाजेखाली
गोवऱ्यांचे इंगळ ठेवले होते, वर ओव्याची धुरी.
माझी धाकटी बहीण त्या धुरात
बोलायच्या आधी खोकायला शिकली.
आता भिंतीला भोक पाडून नळकांडं बाहेर काढलं,
काचेच्या दाराची शेगडी बसवली,
आणि ठरवलं: खोलीत चोवीसवालं,
पडवीतल्या लहान शेगडीत, अंघोळीच्या पाण्याला, तेरावालं.
कोणी विचारलं नाही तरी
हे मी दोनदा सांगितलं.

बाराव्या रात्री दोन वाजता चोवीसवालं सरलं.
ओल ओळखणाऱ्या माणसाला
पोत्याचा तळ ओळखता आला नाही.

तेरावालं ओतलं आणि तिथंच बसलो.
दर वीस मिनिटांनी सळईनं खंगर मोडायचा,
तोही अशा बेतानं
की पंख्याच्या घरघरीत आवाज बुडावा.
काच काळी पडायची, पुसायची.
पावणेचारला लाईट गेली.
बॅटरीवर पंखा थोडा रडला, मग लागला.
बाळ एकदा शिंकलं.
सळई हातातच राहिली.
पुन्हा शिंकलं नाही.

सकाळी प्रणोती म्हणाली,
"बाबा, काल मस्त झोप लागली."
हाव, म्हटलं.

रातभरात सहा किलो जळलं.
किलोमागे अकरा वाचले, म्हणजे सहासष्ट रुपये.
जिनिंगवर रातपाळीचा भत्ता
याहून कमी होता,
आणि तिथं कोणी शिंकलं तर
मी मान वर करत नव्हतो.

चहा देताना शेवंता म्हणाली,
"जागीच होती मी. सळई आयकत होती."
मग उठली काऊन नाही?
"तुमचं तोलणं चालू होतं.
म्हटलं, तोलू द्या."

सव्वा महिन्याचे अजून सव्वीस-सत्तावीस दिवस.
दहाच्या गाडीनं ढोमणेकडे गेलो.
कोणतं देऊ, म्हणाला.
मी खिशातून खंगर काढून
त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला.
एकशे चाळीस ग्रॅम.
"काका, हे मी वापस घेत नसतो."
नको घेऊ, म्हटलं.
काटा बरोबर आहे का, ते पाहत होतो.