ओळंब्यात नाही

इथे बार्न म्हणतात. गोठाही तोच, कोठारही तेच,
आणि ऑरिन स्टॅनर्डचं दोन्ही रिकामं.
शेवटच्या अकरा गाई लिलावात गेल्या
त्याला सोळा वर्षं झाली.
उरलंय ते हेमलॉकचं लाकूड,
आणि पूर्वेच्या भिंतीचा तो कल,
प्यायलेल्या माणसाने चारचौघांत लपवावा तसा.

बॉस्टनहून एक जण आला होता, मऊ बूट घालून.
फळ्यांवरून हात फिरवत म्हणाला,
हा करडा रंग विकत मिळत नाही.
तोच विकत घ्यायला आला होता,
कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीसाठी,
लोक जेवताना त्यांच्या मागे दिसायला.
ऑरिनने आकडा ऐकला,
बघू म्हणाला,
त्याला फाटकापर्यंत सोडून आला
आणि डेल्फीन थिबोला फोन लावला.

डेल्फीन आली ती खिशात ओळंबा घेऊनच.
गुडघे टेकून तळाच्या तुळईत चाकू खुपसला.
मुठीपर्यंत गेला.
"हिच्यावर नाही उभं हे," ती म्हणाली,
"सवयीवर उभं आहे."

मी तिच्या हाताखाली, तिसरं वर्ष.
माझ्याकडे जॅक:
सकाळी पाव वळसा, संध्याकाळी पाव वळसा,
आणि मधल्या वेळात कान देऊन बसायचं.
लाकूड उचललं जाताना कण्हत नाही.
बोटं मोडल्यासारखा एकच आवाज येतो
आणि छपराखालच्या पाकोळ्या सगळ्या एकदम बाहेर.
घाई केलीस, डेल्फीन सांगते,
तर दीडशे वर्षांत वाकलेलं एका दुपारी फुटतं.
व्हरमाँटचा एप्रिल, म्हणजे घोट्यापर्यंत चिखल;
तो वाळून काळ्या माश्या चावायला लागल्या
तेव्हा कुठे आम्ही चार इंच वर होतो.

सांध्यासांध्यावर पटाशीने कोरलेला रोमन आकडा.
तेव्हा आधी सगळं जमिनीवर आडवं जुळवायचे,
कुसू खाचेत बसतं का बघायचे,
आकडा टाकायचे, सोडवायचे,
मग सगळं गाव बोलावून उभं करायचे.
एकाला एक. दोनाला दोन.
आम्ही मोजत गेलो. सहाला सहा.
सातव्या खांबाला मात्र आठचा धिरा
आणि आठव्याला सातचा.
सातव्याच्या सांध्यात बोटभर फट,
फटीत मेपलची पाचर, इतकी नीट ठोकलेली
की कुणी बघितलं नसेल,
किंवा बघून बोललं नसेल.

मी म्हटलं, आता सुटंच आहे सगळं. बदलून टाकू?

डेल्फीनने दोन्ही धिरे गवतावर शेजारी शेजारी ठेवले.
गुण्या लावला. काढला. परत लावला.
डबा उघडून अर्धं सँडविच खाल्लं.
ऑरिन तेवढ्यात काठी टेकत आला,
म्हणाला, आजोबा सांगायचे,
हे उभारलं त्या दिवशी त्यांच्या बापाला ताप होता.
मग थोडं थांबून,
पण या खोऱ्यात सगळेच सांगतात,
आपल्या बापाला ताप होता.

सात आता सातात बसत नव्हता.
आठने त्या खाचेला स्वतःचं माप शिकवलं होतं.
"बरोबर करायचं तर नवा खांब घालावा लागेल,"
डेल्फीन म्हणाली. "खांबाचं काय चुकलं?"
आणि जुनी पाचर माझ्या तळहातावर ठेवली,
किड्यांनी खाऊन बिस्किटासारखी झालेली.
"अशीच एक. मेपलचीच."

तीन बिघडल्या. चौथी बसली.
ठोकण्याआधी तिच्या पाठीवर,
जी बाजू आत जाणार होती तिथे,
मी पेन्सिलीने तारीख टाकली.

"सरळ झालं?" ऑरिनने विचारलं.
डेल्फीनने ओळंबा सोडला.
दोरी थरथरली, थांबली.
"नाही," ती म्हणाली. "पण पडणार नाही."
त्याने मान हलवली, आत गेला,
एका गव्हाणीच्या कडेवर चेकबुक उघडून
खिसे चाचपत राहिला.
मी पेन्सिल पुढे केली.
याला चालत नाही पेन्सिल, तो म्हणाला,
आणि पेन सापडल्यावर, माझ्याकडे न बघताच,
"आज तारीख काय?"

मी सांगितली,
आणि सांगता सांगता कळलं,
पाचरीवर कालची लिहिली होती.