मागची बाजू

मीटरमागच्या फटीत पन्नासाची नोट
चार घड्या घालून तयार असायची माझी,
देव्हाऱ्यात सुपारी असावी तशी.
बागणी फाट्यावर शिट्टी वाजली
की मडगार्डवरून हात बाहेर,
गिअर दुसरा, मान सरळ.
थांबायचं नाही, बोलायचं नाही,
खाकीच्या डोळ्यात तर बघायचंच नाही.
शहाण्यानं पायरी चढू नये म्हणतात;
आमच्यासाठी पायरीच रस्त्यावर येऊन उभी राहायची.

हवालदार आदगोंडा मगदूम
त्या रात्री माझ्याकडं आलाच नाही.
हात करून थांबवलं आणि सरळ मागं गेला.
मी नोट धरून बसलो.
मागून खरवडल्याचा आवाज.
ट्रॉलीच्या फाळक्यावरचा हंगामाचा चिखल
पोत्याच्या तुकड्यानं पुसत होता.
मग लाल पट्टी चिकटवली, तळहातानं दाबली,
लेकराच्या छातीला बाम चोळावा तशी.

"टेप बारीक कर," पुढं येऊन म्हणाला,
"हाका मारून घसा बसला माझा."
नोटेकडं बघितलं.
"ह्याचा बल्ब आण. मागचा. निदान एक तरी लाव."

काट्याच्या रांगेत सगळ्यांना सांगितलं मी हसत:
फोटोपुरतं असंल.
फोटो निघाला की पट्ट्या संपतील.

पट्ट्या संपल्या नाहीत.
मगदूम रांगेत यायचा, बुटाला पाचट चिकटलेलं,
कुणाचा हूक झिजलाय ते वाकून बघायचा.
बीडकडच्या टोळीच्या कोप्या रस्त्याला लागून होत्या;
झोपलेली पोरं चाकाखाली येऊ नयेत म्हणून
मुकादमाला मागं लागून त्यानं दोरी बांधून घेतली,
दोरीला लाल चिंध्या.

बॅटरी धरायला त्याच्यासोबत एक म्हातारा असायचा.
कानटोपी, गळ्यात गावच्या सुरक्षा दलाची शिट्टी.
तिसऱ्या खेपेला ओळखलं मी त्याला.

पारिसा चौगुले.

दोन हंगामांमागं, ह्याच वळणावर
माझा एक्सल तुटला होता.
मागं करंजाची फांदी टाकली, दगड ठेवले,
मेस्त्री आणायला गेलो.
पहाटेचं धुकं. दुधाच्या किटल्या घेऊन येणारं पोरगं.
पंचनामा मगदूमनंच लिहिलेला:
पाठीमागे दिवा अगर परावर्तक नाही.
सांडलेलं दूधही लिहिलं होतं,
अंदाजे चाळीस लिटर.
मला तीन दिवस कोठडी, मग तारखा.
तारखा अजून चालू आहेत.

बॅटरीचा झोत माझ्या नंबरावर पडला.
बराच वेळ हलला नाही.
इंजिन चालू होतं, तरी मला माझा श्वास ऐकू येत होता.
मग झोत पट्टीवर सरकला आणि म्हातारा म्हणाला,
मगदूमला, मला नव्हे:
"डावीकडं वाकडी बसली. परत लाव."

काल रात्री कवठेपिरानच्या पुढं टायर बसला.
साठ पावलं मोजून त्रिकोण ठेवला.
मागचा बल्ब गेलेला; फटीतला काढून लावला.
तिथं आता जादा बल्ब असतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
चाक बदलून निघालो, शंभरेक फूट गेलो
आणि थांबलो.
"दगड ठेवायला चौघं असता,"
मगदूम एकदा म्हणाला होता,
"उचलायला कुणीच कसं नसतं रं?"

उतरलो. एकेक दगड चरीत नेऊन टाकला.
पाच होते.
रस्त्यावर खाकी नव्हती, शिट्टी नव्हती,
नुसतं दोन्हीकडं उसाचं सळसळणं.
शेवटचा उचलताना मागून मोटरसायकल आली.
तिला पट्टी दिसली असणार,
लांबूनच वेग कमी झाला.
किटल्या एकमेकींवर आपटल्या
आणि ती वळसा घालून
दुधगावकडं गेली.