शेरा

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी डकवणं
हे माझं काम.
खळ घरची आणतो, त्यात चिमूटभर मोरचूद,
नाहीतर मुंग्या एका रात्रीत
नावं मोकळी करतात.

ओढ्याकाठची पट्टी जपल्याबद्दल सरकारनं दिलेले पैसे.
नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम,
आणि कडेला एक अरुंद रकाना, शेरा.
आजऱ्याची एसटी गेली की लोक जमतात.
आपलं नाव कुणी आधी बघत नाही,
शेजाऱ्याचं बघतात.

होडग्यांच्या धोंडिबानं तीन सालांमागं
जेसीबी लावून काठावरची करंजं उपटली,
पाण्याला टेकेपर्यंत ऊस नेला.
एका पुरात त्याची दोन गुंठे माती
तिकीट न काढता संकेश्वरला गेली.
मग ताल घातली, वाळुंज लावलं, मारवेल पसरला.
साहेबांनी आधीचा फोटो काढला होता,
नंतरचाही काढला.
अठरा हजार चारशे.
वाईट काय त्यात? ताल खरी आहे.
मी वरून चालून बघितली, पाय रुतत नाही.

शेवंता परटीण, तीन हजार साठ.
"आता त्या रानात करायचं काय?"
काही करायचं नाही मावशी, त्याचेच पैसे आहेत.
ती हसली नाही.
"काय न करायची सवय न्हाई रं मला."
संध्याकाळी पट्टीच्या कडेला बसलेली दिसली,
विळा मांडीवर,
गवत पुढ्यात, कमरेएवढं.

सगळ्यात खाली अंतोन बार्देस्कर.
त्याच्या आज्यापासून काठाला नांगर लागलेला नाही.
उंबर आहे, निगडीचं बेट आहे,
मे महिन्यातही ओली राहणारी एक कपार आहे,
तिथं पोरं खेकड्यांसाठी हात घालतात
आणि बोंबलत काढतात.
टिटवीची अंडी दिसली की अंतोन
बैलांना वळसा घालून नेतो,
आणि बैलांना शिव्या देतो, टिटवीला नाही.

रक्कम: निरंक.
शेरा: पूर्वस्थिती व सद्यस्थिती यांत
फरक आढळून येत नाही. अपात्र.

चष्मा घरी राहिला होता त्याचा,
मलाच वाचावं लागलं.
शेवटचा शब्द मी जरा खाली आवाजात वाचला.
"मधलं परत वाच."
फरक आढळून येत नाही.
"अजून एकदा."
वाचलं. त्याची मान ताठ झाली,
लग्नात आहेर पुकारताना होते तशी.
"बरोबर लिवलंय," म्हणाला.

हरकत घ्यायला पंधरा दिवस आहेत, मी सांगितलं,
अर्ज तालुक्याला मिळतो.
तो सायकलपर्यंत गेला, स्टँड पाडला,
आणि तिथूनच विचारलं, "धोंडिबाला किती?"
सांगितलं.
बराच वेळ तो घंटीवरची धूळ
अंगठ्यानं पुसत राहिला.
"म्हंजे आदी उपटाय पायजे हुतं."
चेष्टेत म्हणाला असता
तर मी काहीतरी बोललो असतो.

गेल्या वर्षीची यादी मठकऱ्यांच्या शेळीनं खाल्ली.
सगळी नाही. मान पुरली तेवढीच,
खालची अपात्र नावं.
यंदा मी ती वीतभर वर डकवली आहे.
शेवटची ओळ आता
उभ्या माणसाच्या बरोबर छातीशी येते.