दहाच्या आत

दिवसा मी सातपूरला गेज तपासतो.
तिथे दोन मायक्रॉन इकडचे तिकडे झाले
की अख्खा लॉट परत.
रात्री मखमलाबाद रोडच्या लॉनवर
स्टेजच्या डाव्या पायरीशी उभा,
हातात चिवड्याचा रिकामा डबा,
झाकणाला फट मीच पाडलेली, स्क्रू-ड्रायव्हरने.

लोक टाकतात.
पेपर नॅपकिनवर, आहेराच्या पाकिटाच्या फाटक्या कानावर,
एकाने तर आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यावर लिहिलं होतं:
ते पावसाचं.
पावसाची आमच्याकडे सत्तावीस आहेत.

वरचा खिसा मुलाकडच्यांचा.
बाजूचा मुलीकडच्यांचा.
मागच्या खिशात जी होणारच नाहीत ती,
कारण नऊनंतर मेधाचा आवाज वरच्या सा-ला हात लावून परत येतो,
आणि काही गाण्यांचे फिरोज
कीबोर्डवर पाचशे वेगळे घेतो.

नगरसेवकाची चिठ्ठी नसते.
त्याचा माणूस येतो, कानाशी वाकतो,
लवंगेचा वास ठेवून जातो.
ते गाणं पुढचं.

वराचे मामा, पिंपळगावचे, द्राक्षवाले,
तिसऱ्यांदा तेच मागतात.
झालं की मामा, आत्ताच झालं.
मी तेव्हा जेवत होतो.
हेही बरोबरच.
परत घेतलं.
पहिल्या कडव्याला मामा मठ्ठा आणायला गेले.

नऊ अठ्ठेचाळीस.
गेटवर हवालदार खुर्ची मागवून बसलेत,
मांडीवर ताट, नजर मनगटावर.
डब्यात अजून एकतीस.
बसतील दोन.

तेवढ्यात भांड्यांकडचा पोरगा आला.
जिलबीच्या खोक्याचा तुकडा, ओला.
अक्षर त्याचं, मागणी मावशीची:
नाव नाय माहीत. भात लावताना म्हणत्यात.
खाली त्याने चाल काढायचा प्रयत्न केलेला,
एक रेघ वर, एक खाली,
एक लांब,
मग तीन टिंबं.

मी मांडवामागे गेलो.
देवकाबाई, सुरगाण्याकडच्या,
कोपरापर्यंत फेसात.
पातेल्यात तोंड घालून गुणगुणल्या, दोन ओळींइतकं,
मग लाजून म्हणाल्या,
तुमच्या पेटीत असंल की. केवढी मोठी पेटी.

माझ्या यादीत अकराशे चाळीस गाणी आहेत,
अकारविल्हे, पट्टीसकट.

कोणाचं? फिरोजने विचारलं.
म्हणालो, मामांचं.
मग माइकवरही तसंच गेलं:
खास वराच्या मामांच्या आग्रहावरून.
फिरोजने तीन सूर शोधले, चौथा चुकला,
चुकलेलाच धरून पुढे गेला.
मेधाकडे शब्द नव्हते.
तोंड मिटून तिने दीड मिनिट काढलं.

लोकांना वाटलं, साउंड चेक.
दोन काकू शाली शोधायला उठल्या.
मामांनी टाळ्या वाजवल्या, जोरात,
मग माझ्याकडे बघून हाताने विचारलं,
हे मी मागितलं होतं?

मागची भांडी तेवढा वेळ थांबली की नाही
मला सांगता येणार नाही.
स्टेजजवळ सगळ्या स्पीकरचा आवाज
आपल्याच अंगावर येतो.

हवालदारांनी बोट वर केलं.
एक राहिलंच.

रामवाडीच्या पुलावर थंडी हँडलपासून खांद्यापर्यंत आली.
खिशातल्या ओल्या तुकड्याने
बाकीच्या चिठ्ठ्यांची शाई पसरवली होती,
मुलाकडचे, मुलीकडचे, काही वाचता येईना.

सकाळी सातला शिफ्ट.
मायक्रोमीटरचा शून्य जुळवताना
ओठांतून काहीतरी निघत होतं, चुकलेल्या चौथ्या सुरासकट.
शेजारच्या खैरनारने मशीन बंद केलं.
कुठलं हो हे?

म्हणालो, पिंपळगावच्या एका मामांचं.