माती वजा

ओगलेवाडीच्या पुढं, निजाम शिकलगारच्या यार्डात
मी गॅस-कटर चालवतो.
आजवर एसट्या कापल्या, बॉयलर कापले,
एका साखर कारखान्याचं अख्खं पोट कापलं.
पण सोमवारी ट्रेलरवरून जे उतरलं
त्याला काय म्हणायचं ते यार्डात कुणालाच ठाऊक नव्हतं.
पुढं दोनच चाकं, माझ्या खांद्याला लागतील एवढी,
त्यांच्यावर इंजिन, उकिडवं बसलेलं,
आणि मागं लोखंडाची भलीमोठी सुपली,
ती वर-खाली करायला तारदोर, कप्प्या,
विहिरीवर असतात तशाच, फक्त हत्तीच्या मापाच्या.

निजामभाई म्हणाले, आधी रंग खरवड,
जुन्या रंगात शिसं असतं, धूर छातीत बसतो.
पिवळा निघाला, पाटबंधाऱ्याचा.
त्याखाली राखाडी, कुणा ठेकेदाराचा,
नावातलं फक्त ‘आणि मंडळी’ उरलेलं.
त्याखाली शेवाळी हिरवा,
आणि हिरव्यात, परातीएवढा, पांढरा तारा.
पाच टोकांचा. एक टोक गंजानं खाल्लेलं.

दुपारी अंतूनाना डुबल आले, काठी टेकत.
त्यांना कुणी कळवलं, देव जाणे.
ताऱ्यावर तळवा ठेवून म्हणाले,
“लढाईची हाय ही. आसामात इमानं उतरायला मैदान करत हुती.
लढाई सरली, परत न्यायला परवडंना,
मग खडकीच्या डेपोत लिलाव.”
आपल्या जिल्ह्यातनं माणसं गेली लढाईला,
लढाईनं उलट टपाली हे धाडलं,
असं काहीसं ते म्हणाले, किंवा मला तसं ऐकू आलं.
तोवर मी ज्योत पेटवली होती.

बावीस वर्षं चालवली नानांनी.
“डोळ्यानं न्हाय, बुडानं चालवायची.
पातं उतरलं की सीट सांगती,
मुरूम हाय, काळी हाय, का खाली कातूळ.
चार बोटं खोल धरायचं. पाच धरलं की चाकं जागीच फिरत्यात.”
आणि ब्रेक?
हसले. “बिरेक म्हंजे सुपली खाली टाकायची.”

माणदेशातल्या एका तलावावर होते तेव्हा.
तलावाच्या पोटातली माती उचलायची, बांधावर ओतायची,
दिवसाला साठ खेपा.
त्या पोटात एक रान त्यांच्या साडूचं.
साडूनं चहा दिला, कप विसळून पालथा घातला,
म्हणाला, हं, कर सुरू.
नानांनी तिथं तीन बोटंच धरली.
खेपा वाढल्या. मुकादम ओरडला.

तारा मी कापणार नव्हतो.
म्हणजे कापलाच, पण सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी काटा झाला.
सुपलीच्या आतल्या कोपऱ्यात माती बसली होती,
विटेसारखी, घणाशिवाय न सुटणारी.
निजामभाईंनी वहीत लिहिलं:
लोखंड अकरा टन चारशे.
माती वजा, नव्वद किलो.
नाना वाकून बघत होते.
“वजा केलेली कुठं जाती?”
“कुठं जाणार नाना, गेटापाशी चिखल होतो, तिथं.”

मग मीच घण मारला.
ढेकळं निघाली, आत काळी, बाहेर तेलकट,
एकात ज्वारीचं धसकट,
मुळं अजून आवळून धरलेली.
कशाला, ते त्यालाच ठाऊक.
नानांनी ते खिशात नाही घातलं, कपाळालाही नाही लावलं.
म्हणाले, “पोतं आसंल एखादं?”

मलकापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतात ते,
गॅलरी तीन फुटांची, त्यात वॉशिंग मशीन.
साडूच्या पोराला फोन लावला, पिंपरीत असतो तो,
बराच वेळ समजावत राहिले,
मग नुसतंच “बरं, बरं” म्हणून ठेवला.

सिमेंटचं अर्धं पोतं भरलं. दोघांनी धरून रिक्षात ठेवलं.
रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं, म्हणाला,
“वज्जाचे वीस जादा पडतील.”
नाना घासाघीस करणारे, यार्डभर ठाऊक.
काही बोलले नाहीत.
सुटे काढून आधीच त्याच्या हातावर ठेवले.